मिशा असलेली आई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदा थोरांच्या चरित्रांचा विभाग करावयाचे ठरले, आणि प्रत्येकीने आपल्याला आवडेल ती व्यक्ती निवडावी असे अध्यक्षबाईंनी सांगितले. बहुतेकींनी जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई अशी नावे घेतली. मी गिजुभाई बधेका हे नाव सांगितले तेव्हा दोघीतिघींनी माझ्याकडे वळून पाहिले. एक तर पुरुष, त्यातून गुजराती! पण ज्या माणसाला गुजरातेत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे म्हणतात, त्याचे चरित्र महिला मंडळाच्या स्मरणिकेत यावयास काय हरकत आहे? शिवाय या गृहस्थांनी माझा वर गेलेला हात एकदा खाली आणला आहे. त्यांचे ते देणे माझ्याकडे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि वाण्याची यादी सोडली तर हाती लेखणी येत नाही. तेव्हा चुकेल ते सांभाळून घ्यावे.

आधी घरातली गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून मला गिजुभाई भेटलेच नसते. माझा धाकटा मुलगा तेव्हा तिसरीत होता. रोज सकाळी शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखे आणि सुट्टीच्या दिवशी काही दुखत नसे. संध्याकाळी मी पट्टी जवळ घेऊन त्याच्या अभ्यासाला बसे. मी स्वतः सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा नदीपलीकडच्या गावी होती, आणि मुलींना तिकडे पाठवावयाची पद्धत नव्हती. आपले राहिले ते मुलाचे राहू नये, हा मला ध्यास. त्या ध्यासाचा धाक केव्हा झाला ते माझे मलाच कळले नाही. एके दिवशी साताचा पाढा तो पुन्हा अडखळला. मी पोळ्या लाटीत होते. लाटणे घेऊनच उठले. तो रडला नाही, पळाला नाही. त्याने फक्त दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मान खाली घातली. ते इतके सरावाने केले की मी जागच्या जागी थांबले. हे माझ्या मुलाला पाढ्यांपेक्षा चांगले पाठ झाले होते, आणि शिकवणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाच्या पुस्तकपेटीची पाळी माझ्याकडे होती. पुस्तके पुसताना ‘दिवास्वप्न’ नावाचे एक लहानसे पुस्तक हाती लागले. नावावरून मला ती कादंबरी वाटली. दोन दुपारींत ते वाचून झाले. मग हे लिहिणारा माणूस कोण, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मिळेल तेथून मिळेल तेवढे वाचले. त्यावरून जे समजले ते लिहिते.

गिजुभाईंचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. त्यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. घर ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची. बालपण वळा या गावात गेले. हे वळा म्हणजेच जुने वलभी. एके काळी जेथे दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत असे मोठे विद्यापीठ त्या ठिकाणी होते. गिजुभाईंच्या वेळी मात्र तेथली शाळा त्या काळच्या इतर शाळांसारखीच असावयाची, म्हणजे घोकंपट्टी आणि छडी. मूल शाळेला भिते यात कोणाला काही वावगे वाटत नसे. भीतीशिवाय विद्या येत नाही अशीच सर्वांची समजूत होती.

पुढे ते भावनगरला शिकावयास गेले. कॉलेजात पाऊल टाकले, परंतु घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण सोडून पोटामागे जावे लागले. 1907 साली ते आगबोटीने पूर्व आफ्रिकेस गेले. त्या काळी काठेवाडातील पुष्कळ तरुण तिकडे नशीब काढावयास जात. गिजुभाई दोन वर्षे तेथे राहून परत आले. त्या प्रवासाच्या हकिकती पुढे त्यांनी मुलांसाठी लिहून काढल्या. परतल्यावर मुंबईस जाऊन कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कँपात, म्हणजे आजच्या सुरेंद्रनगरात, वकिली सुरू केली. वकिली चांगली चालू लागली. घरात पैसा येऊ लागला. येथपर्यंतचे चरित्र एखाद्या कर्तबगार वकिलाचे असते तसेच आहे. पुढेही तसेच चालले असते, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते.

पण 1913 साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र. मूल जसजसे मोठे होऊ लागले तसतशी बापाला काळजी लागली, की याला शिकवावयाचे कसे? आपण ज्या शाळेत भीत भीत गेलो त्याच शाळेत यालाही ढकलावयाचे काय? भगिनींनो, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीला पडतो. आपण एक सुस्कारा सोडतो आणि दप्तर भरतो. गिजुभाईंनी मात्र हा प्रश्न वकिलाने दावा चालवावा तसा चालवला. ते शोध करू लागले. त्या वेळी खेडा जिल्ह्यातील वसो या गावी दरबार गोपाळदास यांनी लहान मुलांची एक नव्या तऱ्हेची शाळा काढली होती. गुजरातेत गावोगाव वाचनालये उभारणारे मोतीभाई अमीन यांचाही या कामात हात होता. मोतीभाईंनी गिजुभाईंच्या हाती माँटेसोरीबाईंचा ग्रंथ दिला.

मारिया माँटेसोरी या इटलीतल्या डॉक्टरीणबाई. 1907 साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहणारी आणि भिंती खराब करणारी म्हणून ज्या मुलांना सारे कंटाळले होते, तीच मुले हाताला योग्य वस्तू मिळाल्यावर तासचे तास आपापल्या कामात रमून जातात, हे त्यांनी दाखवून दिले. मूल शिकू इच्छिते, आपणच वाटेत उभे असतो, असा त्यांच्या शिकवणीचा मथितार्थ. गिजुभाईंनी तो ग्रंथ वाचला आणि घरी आपल्या मुलाकडे नव्या नजरेने पाहू लागले. मुलगा काय करतो, कशात रमतो, कोठे अडतो, हे ते बारकाईने पाहत. मी हे वाचले तेव्हा मनात आले, की मी माझ्या मुलाची वही रोज पाहते, पण मुलाकडे कधी असे पाहिले आहे का?

भावनगरला 1910 साली नानाभाई भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था काढली होती. गिजुभाईंचे मामा त्या कामात होते, आणि संस्थेच्या घटनेचे कायदेशीर काम करण्याच्या निमित्ताने गिजुभाईंचेही तेथे जाणेयेणे होते. 1916 साली त्यांनी चालती वकिली सोडली आणि त्या संस्थेत थोड्या पगारावर काम पत्करले. घरात बायको, लहान मूल, आणि हाती आलेली लक्ष्मी आपण होऊन सोडून द्यावयाची! त्यांच्या पत्नीच्या मनात तेव्हा काय आले असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. थोर पुरुषांच्या चरित्रात हे पान बहुधा कोरेच असते.

दक्षिणामूर्तीत ते प्रथम मोठ्या मुलांच्या शाळेत, म्हणजे विनयमंदिरात, होते. तेथे त्यांचा अनुभव असा, की मुले येतात तीच मुळी घाबरलेली किंवा निर्ढावलेली. प्रश्न विचारावयाचे विसरलेली. वरच्या मजल्याला कितीही रंग दिला तरी पाया कच्चा असेल तर काय उपयोग? तेव्हा सुरुवात अगदी लहान मुलांपासून केली पाहिजे असे त्यांनी ठरवले, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी बालमंदिर सुरू झाले. हायस्कुलाचे आचार्यपण सोडून हा मिशाळ गृहस्थ अडीच-तीन वर्षांच्या चिमुरड्यांत जाऊन बसला. लोकांना त्याचे नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. पुढे तख्तेश्वराच्या देवळाजवळच्या टेकडीवर बालमंदिरासाठी सुरेख इमारत झाली. 1922 साली तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले.

या बालमंदिरात काय होते? बागेत फुलझाडे होती, पशुपक्षी होते. मुलांच्या हाताला बेतशीर अशा झाडण्या, तांबे, घागरी होत्या. माँटेसोरीबाईंची लाकडी साधने होती, पण ती परदेशाहून आणावयाची म्हणजे भारी खर्चाची. म्हणून आपल्याकडच्या सुताराकडून, आपल्याकडच्या वस्तूंतून ती करून घेण्याकडे गिजुभाईंचा कल होता. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुले बोट फिरवीत आणि अक्षर डोळ्यांबरोबर बोटालाही ओळखीचे होई. कोणी पाणी ओती, कोणी मणी मोजी, कोणी नुसते मुंग्यांची रांग पाहत बसे. त्यालाही कोणी हटकीत नसे. एका गोष्टीत मात्र गिजुभाई माँटेसोरीबाईंच्या मागे डोळे मिटून गेले नाहीत. बाईंना लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगणे पसंत नव्हते. गिजुभाई काठेवाडच्या मातीतले. तेथे घरोघरी गोष्टी, गाणी, उखाणे यांची रेलचेल. त्यांनी आजीबाईंच्या तोंडच्या लोककथा गोळा केल्या, मुलांच्या भाषेत लिहिल्या आणि गोष्टीला शाळेत मानाचा पाट दिला. गोष्ट कशी सांगावी, कोणत्या वयाला कोणती सांगावी, यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

आणि दोन वस्तूंना बालमंदिरात मज्जाव होता. एक शिक्षा आणि दुसरे बक्षीस. शिक्षेचे समजते, पण बक्षीस का नाही? मी प्रथम वाचले तेव्हा मला हे पटले नाही. मग स्वतःचेच आठवले. पाढा म्हटलास तर मोबाईल देईन, असे मी मुलाला सांगत असे. तो पाढा भराभर म्हणे, मोबाईल घेई आणि दुसऱ्या दिवशी पाढा विसरलेला असे. त्याचे लक्ष पाढ्यावर नव्हतेच, मोबाईलवर होते. मारामुळे मूल अभ्यासाला भिते, आणि लालूच दाखवल्याने अभ्यास ही मोबदला घेऊन करावयाची हमाली आहे असे त्याला वाटू लागते. दोन्ही प्रकारांत विद्येची गोडी म्हणून काही उरत नाही. गिजुभाईंचे म्हणणे मला असे समजले.

आता ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाविषयी. ते गुजरातीत 1932 साली प्रसिद्ध झाले. बालमंदिर झाले, पण सरकारी प्राथमिक शाळेचे काय? तेथे तर वर्ग मोठा, पैसा नाही, वर साहेबाचा धाक आणि वर्षाअखेर परीक्षा. तेथे या गोष्टी चालतील काय? या शंकेला गिजुभाईंनी गोष्ट रचूनच उत्तर दिले. एक मास्तर शिक्षणखात्याच्या साहेबाकडे जातो आणि एक वर्षासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. साहेब हसतो, पण वर्ग देतो. परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागेल अशी अट घालतो.

पहिल्या दिवशी मास्तर मोठ्या उमेदीने मुलांकडून शांततेचा खेळ करून घेऊ पाहतो. मुले शांत बसतात कुठली? आरडाओरडा, टिंगल, मांजराचे आवाज! सारी फजिती होते. मला हा भाग फार आवडला. पुष्कळ उपदेशाच्या पुस्तकांत उपदेश करणाऱ्याची कधी फजिती होत नाही. येथे मास्तर हरतो, घरी जाऊन विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे बेत गुंडाळून ठेवून मुलांना गोष्ट सांगू लागतो. लांबच लांब, राजाराणीची. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होते. कालचीच मुले! सुट्टी झाली तरी उठत नाहीत. मग गोष्टीच्या जोरावर हजेरी होते, रांग होते, बसण्याची शिस्त लागते. हळूहळू मास्तर वर्गात गोष्टींची पुस्तके ठेवतो. प्रत्येकाने तेच क्रमिक पुस्तक घेण्याऐवजी त्या पैशांत निरनिराळी पुस्तके घेऊन वर्गाचे वाचनालय करतो. अर्धी गोष्ट ऐकलेले मूल उरलेली वाचावयास आपण होऊन पुस्तक उघडते. वाच म्हणून सांगावे लागत नाही.

पुढे खेळ येतात, नदीवर फिरणे येते, पाठ न करता आपल्या शब्दांत केलेली नाटके येतात. व्याकरणासारखा रुक्ष विषयही खेळातून येतो. मुले घाणेरडी येतात म्हणून त्यांना दटावण्याऐवजी मास्तर वर्गात आरसा, कंगवा ठेवतो. शाळेतले इतर मास्तर नावे ठेवतात. पालक तक्रार करतात, की मुले नुसती खेळतात, शिकतात केव्हा? मास्तरालाही मधूनमधून आपल्या करण्याची शंका येते. पण वर्षाअखेर मुले परीक्षेत उतरतात, आणि हसणाऱ्या साहेबाला आपले मत बदलावे लागते. गोष्ट रचलेली आहे हे खरे, नावातच दिवास्वप्न आहे. पण तिच्यामागे लेखकाचा बारा वर्षांचा बालमंदिराचा अनुभव उभा आहे, म्हणून ती खोटी वाटत नाही.

गिजुभाईंनी लहानमोठी मिळून सुमारे दोनशे पुस्तके लिहिली. मुलांसाठी तर लिहिलीच, पण आपल्यासारख्या आईबापांसाठीही लिहिली. त्यांतल्या एकाच्या नावाचा अर्थ आईबाप होणे कठीण आहे असा होतो, तर दुसऱ्याचा, ही काय डोकेफोड आहे, असा. या दुसऱ्या पुस्तकात घरातले अगदी रोजचे प्रसंग आहेत. मुलाला आपल्या हाताने काही करावयाचे असते आणि मोठ्यांना घाई असते, मग ओढाताण आणि रडारड. मास्तरांवर टीका करणारे पुष्कळ असतात. गिजुभाई मास्तरांबरोबर आईबापांनाही आरशासमोर उभे करतात, आणि तेही रागावून नव्हे, हसत हसत.

आता आपल्या महाराष्ट्राचे नाते सांगते. गिजुभाईंच्या या कामात त्यांचा उजवा हात होत्या त्या मराठी बाई, ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म 1892 सालचा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. स्त्रिया फारशा शाळेतही जात नसत त्या काळात 1914 साली त्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-शिक्षकांच्या कॉलेजात मुख्य म्हणून काम करीत असता त्यांना गिजुभाईंच्या कामाची ओढ लागली. ती मोठी जागा सोडून त्या भावनगरला बालमंदिरात आल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक निघाले, ते पुढे मराठीतही निघू लागले. मुलांसाठी लहान लहान पुस्तकांची मालाच या दोघांनी मिळून काढली. बालशिक्षणाची शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही भावनगरला चाले.

1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. 1945 साली त्या बोर्डीस गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. पाड्यातल्या अंगणात मुले जमवून भरवलेली ती अंगणवाडी. आज गावोगाव दिसणाऱ्या सरकारी अंगणवाड्या 1975 साली सुरू झाल्या, पण त्या शब्दाचे मूळ ताराबाईंच्या या कामात आहे. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या वारल्या. आपल्या अंगणवाडीच्या ताईंच्या हातातला मण्यांचा डबा पाहिला की मला आता भावनगरची टेकडी आठवते, मी ती पाहिलेली नसली तरी.

ताराबाई मुंबईस आल्या त्याच वर्षी, म्हणजे 1936 साली, गिजुभाईंनीही वीस वर्षांच्या सेवेनंतर दक्षिणामूर्ती सोडली. पण स्वस्थ बसले नाहीत. राजकोटला नवे अध्यापन मंदिर काढले. श्रमांनी शरीर मात्र खंगले होते. 23 जून 1939 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि पुढे काही वर्षे येथेच राहिल्या. ज्यांनी आपल्या मुलांत त्यांचे काम रुजवले, ते गिजुभाई मात्र काही महिन्यांपूर्वीच गेले होते. ज्या मुलाच्या काळजीने हे सारे सुरू झाले, त्या नरेंद्रभाईंनी आणि गिजुभाईंच्या सून विमुबहेन यांनी बालशिक्षणाचे काम पुढे चालवले.

चरित्र येथे संपले. पण वाचून माझ्या घरात काय झाले ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली गोष्ट म्हणजे पट्टी मी मुलाच्या दप्तरात ठेवून दिली. आता ती रेघा मारण्यासाठी आहे, असे त्याला सांगितले. त्याचा विश्वास बसावयास बरेच दिवस लागले. मी जवळ बसले की तो अंग चोरून घेई, ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे होई. दुसरे म्हणजे रात्री भाकऱ्या थापताना त्याला गोष्ट सांगू लागले. पुस्तकपेटीतली पुस्तके आणून अर्धी गोष्ट सांगावयाची आणि भाकरी करपते आहे या सबबीवर थांबावयाचे. चौथ्या दिवशी त्याने पुस्तक उचलले. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून, अडखळत वाचले. मी तव्याकडे तोंड करून ऐकत राहिले. चुका सुधारावयाची जीभ आवरली, हे मला सर्वांत कठीण गेले.

पाढ्यांचे असे झाले. एका दुपारी मी वाल निवडीत होते. तो शेजारी येऊन दाण्यांच्या रांगा मांडू लागला. मी म्हटले, सातासाताच्या मांड. त्याने आठ रांगा मांडल्या. मग ताटाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला आणि एकदम ओरडला, की आई, इकडून पाहिले तर या आठाच्या सात रांगा आहेत! साताचा पाढा आणि आठाचा पाढा एकाच ताटात होते. मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसले आणि पाहिले. खरेच होते. सातवी पास होऊन इतकी वर्षे झाली, दोन्ही पाढे मला अजून तोंडपाठ आहेत, पण हे मला कोणी कधी दाखवले नव्हते आणि मी पाहिलेही नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याला वाटले तो चुकला. त्याची समजूत घालता घालता मला हसू आले.

कोणी असे समजू नये की मुलगा आता वर्गात पहिला आला. तो मधल्या मुलांत आहे. शुद्धलेखन अजून वाईटच आहे. माझाही आवाज कधी कधी चढतो. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते आणि परत येते. घरातून लाडावून ठेवल्याचा बोलही ऐकून घेते. पण सकाळचे पोटात दुखणे थांबले आहे, आणि तो प्रश्न विचारू लागला आहे. पाल भिंतीवरून पडत का नाही, हा परवाचा प्रश्न. त्याचे उत्तर मला आले नाही. आम्ही दोघे बराच वेळ पालीकडे पाहत बसलो.

शाळेला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. एका बाईंपुढे चाळीस मुले असतात आणि त्यांच्यामागे कागदपत्रांचा ससेमिरा असतो. त्यांना जे जमणार नाही ते घरी आपल्याला थोडे जमेल. त्यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. एक गोष्ट, मूठभर दाणे आणि हात आवरता येणे, एवढे पुरते.

म्हणून शेवटी एक सूचना करते. शनिवारी दुपारी आपल्या मंडळाची खोली रिकामी असते. आपली आणि शेजारपाजारची पहिली ते चौथीची मुले तासभर तेथे जमवावीत आणि दर शनिवारी एकीने त्यांना गोष्ट सांगावी. परीक्षा नाही, बक्षीस नाही, खाऊचे आमिषही नाही. सतरंजी मंडळाची आहेच. पुस्तकपेटी उघडी ठेवावी. येत्या सभेत हे मंजूर झाले तर पहिल्या शनिवारची गोष्ट मी सांगेन.